कोपरातला खडू

विमलताई गेल्याची बातमी मला मैनाबाईने दिली. दुसऱ्या कोणाकडून ती येणं शक्यच नव्हतं. सावली गावात कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा नापास झाला, हे ज्याच्या त्याच्या घरच्यांच्या आधी मैनाबाईला कळतं, आणि आता सत्तरी उलटली तरी ती खोड गेलेली नाही. नातवाच्या मोबाइलवरून ती नेहमीसारखी ओरडून बोलत होती. चंद्रपूर लांब आहे, तेव्हा आवाजही तेवढा लागणार, असा तिचा साधा हिशेब असतो. "सुमनबाई, बाई गेल्या वो..." एवढं बोलून ती थांबली. मैनाबाई बोलता बोलता थांबते हे मला कधी माहीत नव्हतं. मग म्हणाली, "चहा मागतला म्हनून मी चुलीकडे गेली. कप घेऊन आली त संपलं होतं." त्या चहाचं काय केलं, असं काहीतरी मूर्खासारखं माझ्या तोंडात आलं होतं, ते मी गिळलं.

विमलताई आणि मी ऐंशीच्या दशकात सावलीच्या प्राथमिक शाळेत शिकवत होतो आणि एकाच घराच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. ती मूल गावची, मी वरोऱ्याकडची. मैत्रिणी म्हणण्याइतकं आमचं तेव्हा पटत नव्हतं. मला रेडिओ मोठ्याने लागायचा, तिला शांतता. मी फळ्यावर एखादी वेलांटी चुकीची काढली, तर शेजारच्या वर्गातून येऊन माझ्या मुलांसमोर ती पुसायची. आणि तिचा एक शब्द होता, "कशावरून?" घुबड ओरडलं की कोणीतरी जातं, असं घरमालकीण म्हणाली, की ही विचारणार, "कशावरून?" मी म्हणाले की ह्या वर्षी थंडी जास्त आहे, तरी, "कशावरून?" तिच्याशी साध्या गप्पा मारायच्या म्हणजे पुरावे गोळा करूनच बसावं लागायचं. ती बौद्ध घरातली, शिकून नोकरीला लागलेली घरातली पहिली मुलगी. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर देण्याआधी तिने मलाच चार प्रश्न विचारले असते.

चंद्रपूरच्या मे महिन्याला चांगलं म्हणणारं मला आयुष्यात एकच माणूस भेटलं, ते म्हणजे विमलताई. सगळा जिल्हा ओले पंचे डोक्यावर घेऊन उन्हाला शिव्या घालत असायचा आणि ही म्हणायची, आता जरा बरं वाटतंय. कारण थंडी तिची वैरीण होती. डिसेंबरात सकाळी माठात हात घातला तरी तिची बोटं आधी पांढरीफटक पडत, मग निळी, आणि शेकोटीपाशी धरली की लालभडक होऊन ठणकत. पुढे बोटांची कातडी ताणून चकचकीत झाली, मूठ मिटेना, टोकांना फोड येऊन चिघळू लागले. मग उजव्या कोपरावर एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. आमच्या शाळेच्या ओट्यावर महारोगाचं पोस्टर लावलेलं होतं. वाकडी बोटं, बऱ्या न होणाऱ्या जखमा, सगळं चित्रांसकट. त्या पोस्टरवरचा धडा तिनेच दर वर्षी मुलांना शिकवला होता, आणि मुलांनी तो मन लावून घरी जाऊन सांगितला होता. तेव्हा तिच्या बोटांकडे बघून गावाने जो अर्थ लावला, त्याबद्दल गावाला फार दोष देता येत नाही. विद्यार्थी चांगले निघाले, एवढंच.

पाहणीला येणाऱ्या सरकारी माणसाने टाचणी टोचून तिची परीक्षा घेतली. ती प्रत्येक टोचणीला कळवळली, आणि तो म्हणाला, हा महारोग नाही, त्यात संवेदना जाते. गावाने मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. पुढे नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला रोगाचं नाव कळलं, स्क्लेरोडर्मा. ती परत येऊन मला म्हणाली, "रोगाशी लढणारा शरीराचा राखणदारच उलटलाय, सुमन. घराची राखण करायला ठेवला आणि तो घरच्याच माणसाला चोर समजून बदडतो आहे. कातडी त्यानेच कडक केली." का उलटला, असं मी विचारलं. "ते अजून कोणालाच नीट माहीत नाही," ती म्हणाली, आणि असं म्हणताना ती घाबरलेली कमी आणि डॉक्टरांवर रागावलेली जास्त दिसत होती.

शाळेत माठाशेजारी तिच्यासाठी एक वेगळा पेला आला. कोणी आणला ते कोणी बोललं नाही. आमच्या मुलुखात, आणि त्यातही तिच्या घराण्यात, वेगळा पेला म्हणजे काय हे सांगायला नको. तिने त्या पेल्यातून पाणी प्यायलं, तो घासला आणि बाकीच्या पेल्यांत मिसळून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वेगळा काढलेला होता, तिने पुन्हा मिसळला. असं बरेच दिवस चाललं. एकदा घरी येऊन मात्र म्हणाली, "छप्पन साली माझ्या बापाने धर्म बदलला तो काय ह्याच्यासाठी?" तिच्या वर्गातली मुलं हळूहळू गळायला लागली होती. कोणाला ताप, कोणाचे आजोबा आजारी, कोण मामाकडे. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, पण चांगल्या गृहस्थांना भांडण नको असतं. तुम्ही काही दिवस कार्यालयातलं काम पाहता का, असं त्यांनी तिला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "मी शिकवायला आले. फळ्यासमोरून मी हलणार नाही."

पण तिचा हातच तिला तिथून हलवत होता. कोपराची जखम खोल होत चालली, आजूबाजूला सूज आली, हात खांद्याच्या वर जाईना. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात ती लिहीनाशी झाली. चंद्रपूरच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात कोपराभोवती पांढरे ठिपके दिसले, पण जखमेचं भोक आत कुठवर गेलंय, सांध्यात शिरलंय का, ते त्यात कळेना. शिरलं असेल तर मोठी शस्त्रक्रिया, आणि नंतर कोपर कायमचं ताठ. हात फळ्यापर्यंत जाणार नाही. नसेल शिरलं, तर छोट्या कामावर भागेल. डॉक्टर म्हणाले, आधी सोनोग्राफी करून आणा.

इथे गोष्ट बिघडली. सोनोग्राफीचं यंत्र चंद्रपुरात तेव्हा नवंनवं आलं होतं, आणि सावलीच्या बायकांना त्याचा एकच उपयोग ठाऊक होता. पोटुशी बाई तिथे जाते, दुसरी कोणी जात नाही. विमलताईने रजा मागताना कारण मोठ्याने सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी नळावर मैनाबाई सांगत होती, "मास्तरीनबाईले दिवस गेले म्हनते. आता हात दाखवाले चालल्या अन् पोट पाहून येतीन!" मैनाबाई तेव्हा राइस मिलमध्ये तांदूळ निवडायला जायची. चार घरच्या बाया तिथे दिवसभर मांडी घालून बसत, त्यामुळे तिथे निघालेली गोष्ट अंधार पडायच्या आत सगळ्या चुलींपाशी पोचलेली असे. एकाच बाईच्या नावावर महारोगही आणि पोटही, असा तो दुहेरी आहेर होता. मी घरी येऊन विमलताईला सांगितलं आणि म्हणाले की सोनोग्राफी राहू दे. ती बराच वेळ कोपर मांडीवर घेऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग उठली, चपला घातल्या आणि सरळ मैनाबाईच्या अंगणात गेली. मी मागोमाग.

मैनाबाई सूप टाकून उभी राहिली. आम्ही भांडायला आलो असं तिला वाटलं असावं, कारण तिने पदर खोचला. विमलताई म्हणाली, "मैनाबाई, उद्या माह्यासंगं चंद्रपूरले चाल."

"मी? काऊन?"

"तपासताना आत बसशीन, डोळ्यानं पाहशीन, अन् आल्यावर सगळ्याईले सांगशीन. मी सांगतलं त कोनी ऐकत नाई. तुयं ऐकतेत."

मैनाबाईला आयुष्यात कोणी असं बोलावणं दिलं नसेल. तिने माझ्याकडे पाहिलं, मग विमलताईकडे. "सगळं पाहू देतीन का वो मले?" एवढंच तिने विचारलं.

सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघी निघालो. मूल गाव येईपर्यंत मैनाबाईने अर्ध्या बसला सांगून टाकलं होतं की आपण एक यंत्र पाहायला चाललो. दवाखान्यात बाकावर सगळ्या पोटुशी बाया आणि त्यांच्या सासवा. त्यांच्यात विमलताई ताठ बसली होती. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हाताची जखम तपासायला त्यांच्याकडे बहुधा कोणी आलंच नव्हतं. पण नागपुरात शिकताना त्यांनी ते पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, यंत्राचा दांडा कातडीला अगदी चिकटवला तर वरवरचं नीट दिसत नाही, मधे थोडं पाणी लागतं. त्यांनी शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्यात उकळून गार केलेलं पाणी भरलं, आतली हवा घालवली, गाठ मारली आणि तो पाण्याने टरारलेला पंजा जखमेवर अलगद ठेवला. गाईच्या सडांसारखी त्याची बोटं लोंबत होती. मैनाबाईला हसू आवरेना. विमलताई दुखण्याने ओठ चावत होती, तीही हसली.

पडद्यावर करडं धुकं हललं. डॉक्टरीणबाई सगळं समजावत गेल्या, आणि मला वाटतं, त्या मैनाबाईलाच जास्त समजावत होत्या, कारण ती पडद्याला नाक लावून उभी होती. हे काळं म्हणजे हातमोज्यातलं पाणी. ही कातडी. हा जखमेचा खड्डा. त्याच्या खाली हे थोडं काळं, इथे पू साचलाय. आणि हे पांढरे ढीग चमकतात ना, हा कॅल्शियम, म्हणजे चुना, जमून बसलाय, त्याच्यामुळेच जखम भरत नाही. मग त्यांनी दांडा थोडा तिरपा केला आणि पडद्याकडे वाकल्या. विमलताईने डोळे मिटले होते. मी तिच्या दुसऱ्या हाताला धरलं, तो बर्फासारखा होता. "ही खालची पांढरी रेघ म्हणजे हाड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि खड्डा आणि रेघ ह्यांच्यात जागा आहे. सांध्यात गेलेलं नाही." विमलताईने डोळे उघडले आणि विचारलं, "कशावरून?" त्यांनी न चिडता पुन्हा दाखवलं.

काम छोटंच झालं. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी जखम थोडी उघडून साफ केली, तेव्हा आतून पू आला आणि पांढरे, भुसभुशीत खडे आले. ते ताटलीत ठेवले होते. मैनाबाईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. शाळेच्या ओट्यावर पडलेले खडूचे तुकडे तिने कित्येक वर्षं झाडलेले होते, कारण राइस मिलच्या आधी ती शाळा झाडायची. "हा त खडू व्हय!" ती म्हणाली. "बाई, तुमी इतकी वर्सं खडू हातात धरून राह्यल्या, तो आत गेला वो! कोपरात जाऊन बसला!" आमची एस.टी. सावलीला पोचायच्या आधी गोष्ट पोचली असती, तर मला नवल वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून सावलीत महारोग नव्हता आणि पोटही नव्हतं. खडू होता. मैनाबाई राइस मिलमध्ये, नळावर, बाजारात आपलं कोपर वर करून दाखवायची: हे पानी, हा खड्डा, हे हाड, अन् मधात खडू. "मी माह्या डोऱ्यानं पायलं," ह्या वाक्याला गावात तोड नव्हती. बिचाऱ्या बाईने आपल्या पोरांना शिकवता शिकवता अंगात खडू भरून घेतला, असं बायका हळहळू लागल्या. मुलांचे ताप उतरले, आजोबा बरे झाले, मामाकडची परत आली. वेगळा पेला कुठे गेला ते कळलं नाही. आणि आमच्या मुख्याध्यापकांनी फडकी ओली करूनच फळे पुसावेत असं सगळ्यांना सांगितलं. मी सुखावले होते. विमलताई नव्हती. "खोटं आहे हे," ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे की, वर्ग भरला ना? ती म्हणाली, "माझ्या फायद्याचं खोटं म्हणजे खरं होत नाही. उद्या ही मुलं खडूला भितील." हट्टाने आंधळी होते ती, असं मला वाटलं, आणि मी तसं बोललेही.

तिने मुलांसमोर फळ्यावर कोपर काढलं. कातडी, पू, चुना, हाड. खडू नव्हता, असं स्पष्ट सांगितलं. राखणदाराची गोष्ट सांगितली. एका मुलीने विचारलं, "मंग बाई, राखनदार बदलता नाई येत?" ती म्हणाली, "अजून नाही." ह्या खरेपणाची किंमत लगेच मोजावी लागली. खडू नाही, तर मग जुनाच रोग असेल, अशी कुजबुज सुरू झाली आणि काही मुलं पुन्हा यायची थांबली. मैनाबाईला तर ते जिव्हारी लागलं. सगळ्या गावासमोर तिला खोटी पाडल्यासारखं झालं होतं. दोन-तीन दिवस ती आमच्या दारावरून मान फिरवून गेली. आणि मग एका सकाळी तीच त्या मुलांना दंडाला धरून शाळेत घेऊन आली, मागे त्यांच्या आया. "बाई काईबी म्हनोत," ती फाटकातूनच ओरडत होती, "महारोग नाई म्हनजे नाई! मी आत होती का तुमी?" विमलताई फळ्यासमोर उभी होती. तिने हात वर नेला. तो नीट वर गेला नाही, पण फळ्याच्या मधोमध पोचला, आणि तिने तारीख लिहिली.

त्याच आठवड्यात मैनाबाई एक पुडी घेऊन आली. आत खडू होते, प्रत्येकाला जुन्या, मऊ लुगड्याची चिंधी गुंडाळून वर दोरा बांधलेला. "तुमी म्हनता त नसन," ती म्हणाली, "पन उघडा खडू हातात धरू नका." विमलताईचं तोंड उघडलं. आता "कशावरून" येणार, ह्याची मला खात्री होती. पण तिने खडू हातात घेतला, आणि चिघळलेल्या बोटांना तो टोचला नाही, गारही लागला नाही. "बरं वाटते वो," ती म्हणाली. पुढे मी तिला चिडवायची की तुझ्या तत्त्वाला मैनाबाईने मुरड घातली. तिचं ठरलेलं उत्तर होतं: "मी चिंधी घेतली, कारण नाही घेतलं." मैनाबाईही कारण सोडायला तयार नव्हती. दोघींनी आपापलं खरं मानलं आणि चिंधीच्या खडूंची पुडी मात्र जन्मभर चालू राहिली. मैनाबाई संत वगैरे झाली नाही, माझ्या चंद्रपूरच्या बदलीबद्दल तिने जे पसरवलं ते मी इथे लिहू शकत नाही.

विमलताई निवृत्तीनंतर सावलीलाच राहिली. जखमा येत, बऱ्या होत, पुन्हा येत, खडे निघत. शेवटची काही वर्षं रोग फुप्फुसांत उतरला. ओसरीत फळा होता, आसपासची मुलं संध्याकाळी येत. मी वर्षातून एकदोनदा जायची. दर वेळी फळ्यावरची अक्षरं थोडी खाली आलेली असत. आधी मधोमध, मग खालच्या अर्ध्यात, आणि मागच्या उन्हाळ्यात ती खुर्चीवर बसून अगदी खालच्या कडेला गणित मांडत होती. धाप लागलेली. बाहेर अंगाची लाही होत होती. "छान आहे ना हवा?" ती मला म्हणाली. मला तिची फार आठवण येते. एवढं साधं वाक्य लिहायला इतकी पानं लागली, ह्यावर ती नक्कीच काहीतरी बोलली असती.

तिच्या जलदानाला, म्हणजे बौद्धांच्या दिवसकार्याला, मी सावलीला गेले. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली. मैनाबाई ओसरीत फळ्याखाली बसली होती, पुढ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि चिंध्यांचा ढीग. डबा चिंधीच्या खडूंनी जवळजवळ भरलेला होता. विमलताई जायच्या आठवड्यातच मैनाबाई हे खडू गुंडाळायला बसली होती. मी शेजारी टेकले. एका खडूला दोरा बांधून झाल्यावर ती हळू आवाजात, तिचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणाली, "सुमनबाई, आता त बाई नाई. त्याईले काई वाटनार नाई. खरं सांगा... खडूच होता ना वो?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? एका म्हातारीच्या समाधानाने कोणाचंच नुकसान नव्हतं. पण माझी नजर फळ्याच्या खालच्या कडेवरच्या गणिताकडे गेली, ते कोणी पुसलं नव्हतं.

"नाही, मैनाबाई," मी म्हणाले. "खडू नव्हता."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पदर डोळ्यांना लावला आणि हमसून रडायला लागली. "बाईवानीच बोलल्या," ती म्हणाली, "अगदी बाईवानी..." मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, डब्याशेजारचा एक उघडा खडू उचलला, आणि त्याला चिंधी गुंडाळायला लागली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.